पगारी रजेचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या आधी घराची झाडलोट करताना जुनी ट्रंक उघडण्याचा प्रसंग आला. तिच्या तळाशी तांबड्या पुठ्ठ्याची एक वही आमच्या हाती लागली. पानोपानी तारखा, तारखेपुढे एकदोन ओळी, आणि उजव्या समासात तासांचे आकडे. परक्या माणसास ती वाण्याच्या उधारीची वही वाटावी. वस्तुतः ती आमच्या रजांची वही होती. एका सरकारी विद्यापीठाच्या कचेरीत आम्ही १९७९ पासून २०१३ पर्यंत चाकरी केली, आणि त्यांतील पंधरा वर्षे कर्मचारी संघाचे सचिवपद सांभाळले. संघाच्या कामासाठी जी पगारी रजा मिळे, तिची ही नोंद.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या आळीतील एक तरुण भेटावयास आला. तोही एका विद्यापीठाच्या कचेरीत लिपिक असून नुकताच तेथील संघाचा सहसचिव निवडून आला आहे. चहा झाल्यावर तो जरा संकोचून म्हणाला, "काकाजी, संघाच्या कामासाठी पगारी रजा मिळते म्हणतात. घेऊ का? बाजूचे बाबू म्हणतात, पुढारी झाले अन् फुकटचा पगार खाऊन रायले."

प्रश्न साधा होता. परंतु वही समोर उघडी असल्यामुळे आम्हांस तत्काळ उत्तर देता येईना. पुढे चारदोन दिवस जो विचार मनात घोळला, तो या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोकणी वाचकांस आमचे बोरगाव ठाऊक असण्याचे कारण नाही. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सौंसरच्या अलीकडे हे गाव लागते. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला; २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत चालतात, घरची बोली मराठी. भोवती संत्र्यांच्या बागा, जवळच जाम सावळीचा मारुती, आणि गावाला लागून औद्योगिक वसाहत. शिकण्यासाठी व पोटासाठी नागपूरची वाट धरावी, ही येथील जुनी रीत. छोट्या रुळांची गाडी लोधीखेड्यावरून जाई. तिच्यातूनच आम्हीही एक वळकटी घेऊन गेलो.

आता रजेविषयी. कचेरीत काम केलेल्यांस रजांचे प्रकार मुखोद्गत असतात: किरकोळ रजा, अर्जित रजा, आजाराची रजा, बिनपगारी असाधारण रजा. या साऱ्या रजा माणसाच्या स्वतःच्या असतात. लग्न असो, दुखणे असो, वा नुसता कंटाळा असो, त्या दिवशी तो आपल्या घरचा धनी. परंतु 'विशेष किरकोळ रजा' म्हणून एक निराळा प्रकार आहे. केंद्र सरकारने आपल्या मान्यताप्राप्त सेवा-संघटनांच्या पदाधिकाऱ्यांस वर्षाला २० दिवसांपर्यंत, बाहेरगावच्या प्रतिनिधींस व कार्यकारिणीच्या सभासदांस १० दिवसांपर्यंत, आणि स्थानिक प्रतिनिधींस ५ दिवसांपर्यंत अशी रजा ठरवून दिली. विद्यापीठांचे नियम आपापले असतात. आमच्या विद्यापीठातही अशी काही दिवसांची सोय होती. या रजेत पगार कापला जात नाही, आणि ती माणसाच्या स्वतःच्या रजेतूनही वजा होत नाही. म्हणूनच ती शेजारच्या टेबलावरील माणसाच्या डोळ्यांत सलते.

अशी रजा असावीच कशाला? याचे उत्तर आमच्याच इतिहासात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगारास देवाचे व समाजाचे काही करता यावे, असे त्यांचे म्हणणे असल्याचे सांगतात. परंतु हे सारे करावयास लोखंडे मोकळे होते ते गिरणीतील नोकरी सोडून 'दीनबंधु' पत्र चालवू लागल्यावर. पुढे नारायण मल्हार जोशी यांनी कामगार चळवळीची बैठक घातली, तेही १९०९ साली भारत सेवक समाजात दाखल झालेले होते. त्यांच्या साध्या निर्वाहाची सोय समाजाने केली होती. तात्पर्य, ज्याचा दिवस दुसऱ्याने विकत घेतला आहे, त्यास दहा जणांचे गाऱ्हाणे घेऊन वरिष्ठांच्या दारी उभे राहण्यास फुरसत मिळत नाही. मग एक तर बाहेरचा पुढारी आणावा लागतो, नाही तर घरचे बरे असलेला माणूसच प्रतिनिधी होतो.

१९२६ च्या कामगार संघटना कायद्याने नोंदलेल्या संघाचे निदान निम्मे पदाधिकारी त्याच धंद्यात प्रत्यक्ष काम करणारे असावेत असे सांगितले, आणि २००१ च्या दुरुस्तीने संघटित उद्योगांत बाहेरच्या माणसांची संख्या आणखी आवळली. हेतू उत्तमच. परंतु आतल्याच माणसाने पुढारी व्हावे असे म्हणावयाचे आणि त्यास आतून उठून जाण्याची मोकळीक द्यावयाची नाही, हे कसे जमावे? कायद्याने मागितलेला माणूस उभा राहावयाचा तर त्यास वेळ देणे प्राप्त आहे.

विद्यापीठाची गोष्ट तर याहून अवघड. दिल्ली विद्यापीठाने विद्यार्थिनींसाठी बसगाड्या चालविल्या होत्या. त्यांवरील चालकांस कमी केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६३ साली न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी निर्णय दिला की विद्यापीठ हा उद्योग नव्हे. तेथील मुख्य कार्य विद्यादानाचे, ते करणारे शिक्षक कामगार नव्हेत, आणि हाताखालच्या नोकरांचा वाटा त्या कार्यात गौण होय. हेच गजेंद्रगडकर पुढे राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि १९६७ ते १९७१ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. रुग्णालयाच्या नोकरांस १९६० साली ज्यांनी कामगार ठरविले, त्यांच्याच लेखणीतून विद्यापीठाचा शिपाई व चालक बाहेर राहिला, याचे आम्हांस पुढे पुष्कळ दिवस नवल वाटे. १९७८ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या सुप्रसिद्ध निर्णयाने सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो विचार फिरविला, आणि विद्यापीठही उद्योगाच्या व्याख्येत आले. आम्ही कचेरीत रुजू झालो तो पुढल्याच वर्षी. चहाच्या टपरीवर जुने कारकून त्या निकालाविषयी जणू आपल्याच घरचा दावा जिंकल्याप्रमाणे बोलत. शिक्षकांची रेषा मात्र निराळीच राहिली. गोव्यातील करंजाळे येथील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली त्याच न्यायालयाने सांगितले की शाळा उद्योग असली तरी शिक्षक हा कामगार नव्हे. म्हणून आम्ही येथे बोलत आहोत ते प्राध्यापकांविषयी नव्हे, तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहणारा हमाल, दाराशी बसणारा शिपाई आणि गुणपत्रिका लिहिणारा लिपिक यांच्याविषयी.

संघाचे काम म्हणजे मोर्चा व घोषणा, अशी बाहेरच्यांची समजूत असते. मोर्चे आम्हीही काढले. परंतु पंधरा वर्षांत त्यांचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे दिवस गेले ते सेवापुस्तकांत. कुणाची वेतनवाढ तीन वर्षे चढलेली नाही, कुणाच्या जन्मतारखेत खाडाखोड, कुणी विधवा कुटुंब-निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन दोन वर्षे या खिडकीतून त्या खिडकीत. अशा माणसाबरोबर लेखा विभागात जाऊन बसणे, जुनी परिपत्रके काढून दाखविणे, टिपणी लिहून घेणे, सही होईपर्यंत न हलणे, हे आमचे काम. ते कचेरीच्या वेळेतच करावे लागते, कारण ज्याच्याकडून ते करून घ्यावयाचे तोही त्याच वेळेत खुर्चीवर असतो. संध्याकाळी साडेपाचनंतर न्याय मागावयास गेल्यास दाराला कुलूप दिसते.

येथपर्यंत जे लिहिले ते रजेच्या बाजूने. आता तांबड्या वहीच्या पहिल्या पानाकडे वळतो.

१९९४ च्या डिसेंबरात घडलेली गोष्ट. परीक्षा विभागात एक हमाल अकरा वर्षे रोजंदारीवर होता. त्यास कायम करण्याचा विषय मोठ्या खटपटीने एका समितीपुढे आला. बैठक सकाळी अकरा वाजता होती. अकरा वर्षांच्या हजेरीचे उतारे आम्ही स्वतः काढले होते, आणि कोणता खंड कशामुळे पडला हे आम्हांवाचून कुणास सांगता येण्यासारखे नव्हते. आम्ही त्या दिवसाची विशेष रजा रीतसर मंजूर करून घेतली. आदल्या संध्याकाळी बोरगावहून निरोप आला की आंबिया बहार घ्यावयास व्यापारी आला आहे, सौदा उद्यावर ठेवता येणार नाही. वडील थकले होते. आम्ही विचार केला, रात्री जाऊ, सकाळी सातला सौदा आटोपू, आणि पहिल्या मोटारीने परत येऊन अकराला हजर होऊ. हातात रजा होतीच. हजेरीपटावर सही करण्याचे बंधन नव्हते.

सौदा सातला आटोपला नाही. व्यापारी झाडामागून झाड पाहत फिरला, दरावरून दोनदा उठला, दोनदा बसला. हातरुमालाखाली बोटे धरून भाव ठरला तेव्हा उन्हे डोक्यावर आली होती. भाव चांगला मिळाला, हेही येथे नमूद केले पाहिजे. आम्ही नागपुरास पोचलो तो दिवेलागणीची वेळ झालेली. कचेरीच्या पायऱ्यांवर तो हमाल बसलेला होता. त्याने रागाचा एक शब्दही उच्चारला नाही. एवढेच म्हणाला, "भाऊ, तुमी आले नाही. मी कागदं धरून बसून रायलो होतो."

कागद त्याच्यापाशी होते, परंतु त्यांतील अक्षर त्यास लागत नव्हते. समितीने दोन प्रश्न विचारले, उत्तर मिळाले नाही, विषय पुढे ढकलला. पुढली बैठक सात महिन्यांनी झाली. त्या बैठकीस आम्ही हजर होतो, आणि तो कायम झाला. परंतु जे सात महिने गेले ते गेलेच. तितकी सेवा कमी लागली, आणि फरकाची रक्कम त्यास कधी मिळाली नाही.

त्याने आम्हांस कुठे होतात असे विचारले नाही, आणि आम्हीही त्या दिवशी सांगितले नाही. हजेरीपटावर आमच्या नावापुढे 'संघकार्य' असे तांबड्या शाईत लिहिलेले होते. आठ दिवस तो शब्द आमच्या डोळ्यांपुढून हलेना. अखेर आम्ही अर्ज केला की तो दिवस आमच्या स्वतःच्या किरकोळ रजेतून वजा करावा. अधीक्षक हसून म्हणाले, "अहो, एका दिवसाने काय बिघडते?" त्यांनी नोंद दुरुस्त केली. त्याच संध्याकाळी आम्ही त्या हमालाच्या घरी जाऊन खरे काय ते सांगितले. त्याने ऐकून घेतले, बायकोला चहा ठेवावयास सांगितले, आणि थोड्या वेळाने विचारले, "संत्र्याले भाव तरी बरा भेटला का?" त्या प्रश्नात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्ही तो सहज पचविला असता.

दुसऱ्या दिवशी ही वही आणली. पहिल्या पानावर ती तारीख, आणि तिच्यापुढे 'बोरगाव, बहाराचा सौदा'. त्यानंतर प्रत्येक विशेष रजेच्या दिवशी कुणाचे काम केले, कोणत्या खिडकीवर, किती तास, हे लिहू लागलो. वही संघाच्या खोलीत खिळ्याला दोरीने टांगलेली असे. ज्यास वाटेल त्याने वाचावी. वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर तीही वाचली जाई. प्रारंभी काही जण हसले. पुढे कधी एखादे पान कोरे राहिले तर सभासदच विचारू लागले.

आणखी एक गोष्ट या वहीने शिकविली. आमच्या टेबलाशेजारी आवक-जावक सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. आमच्या रजेच्या दिवशी आमचे टपाल त्यांच्या टेबलावर जाई. एकदा सभेत आम्ही वहीतील तास मोठ्या अभिमानाने वाचून दाखविले, तेव्हा त्या उठून म्हणाल्या, "भाऊ, तुमची रजा विद्यापीठाने मंजूर केली, पण माझ्या टेबलाला कुणी विचारलं होतं का? तुमच्या वहीत माझे तास कुठे आहेत?" आम्ही निरुत्तर झालो. खरोखर, बदली माणूस न देता दिलेली रजा विद्यापीठ देत नाही. ती शेजारचे टेबल देते. पुढल्या वर्षी संघाच्या मागण्यांत आम्ही घातले की पदाधिकारी रजेवर असताना त्याच्या जागी बदली माणूस द्यावा. आमच्या कारकिर्दीत ती मागणी मान्य झाली नाही. परंतु वहीत तेव्हापासून एक रकाना वाढला, आणि ज्यांनी आमचे टपाल उचलले त्यांची नावे त्यात लिहिली जाऊ लागली.

परदेशांतही या प्रश्नाचा पुष्कळ काथ्याकूट झाला आहे. ब्रिटनने १९७५ च्या कायद्याने मान्य संघांच्या पदाधिकाऱ्यांस कामाच्या वेळेत पगारी मोकळीक दिली, आणि २०१७ साली नियम केला की मोठ्या सार्वजनिक संस्थांनी अशा मोकळिकीवर किती वेळ व पैसा गेला हे प्रसिद्ध करावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७८ साली सार्वजनिक सेवेसंबंधी जो करार केला, त्यात कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींस काम तत्परतेने करता येईल अशा सोयी द्याव्यात असे म्हणून लगेच जोडले आहे की त्यांमुळे कारभाराच्या सुरळीतपणास बाधा येऊ नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१८ साली निराळी वाट काढली. तेथे सार्वजनिक संस्थांनी, राज्याची विद्यापीठेही त्यांत आली, संघाच्या विनंतीवरून पदाधिकाऱ्यास पगार न तोडता रजा द्यावयाची; आणि तो खर्च संघाने संस्थेस भरून द्यावयाचा.

ही शेवटची रीत ऐकावयास फार स्वच्छ वाटते. ज्याचे काम त्याचा पैसा. कुणाच्या मिंधेपणाचा प्रश्न नाही. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याला पुढे जोडलेल्या अनुसूचीतही मालकाने संघास पैशाचा आधार देणे अनुचित प्रथांत गणले होते. कारण मालकाचे मीठ खाणारा संघ मालकाशी भांडेल कसा, ही शंका रास्तच. परंतु ज्या संघाचे सभासद हमाल व शिपाई, ज्याची वर्गणी महिन्याला काही रुपये, तो संघ लिपिकाचा वीस दिवसांचा पगार कोठून भरणार? तेथे ही रीत लावली तर मोठे संघ तेवढे बोलतील आणि लहान संघ मुके होतील. म्हणून आमच्या मते लहानशा संघाच्या पदाधिकाऱ्यास मोजके दिवस सार्वजनिक पैशातूनच मिळावेत; ते सर्व संघांस सारख्या नियमाने मिळावेत, कुलसचिवांच्या मर्जीने नव्हे; त्याच्या जागी बदली माणूस असावा; आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब सभासदांपुढे उघडा असावा. मिंधेपणावर यापरता उतारा आम्हांस ठाऊक नाही. जो आपल्या दिवसांचा झाडा रोज देतो, त्यास वरिष्ठ दबकावू शकत नाहीत.

या मासिकाच्या वाचकांस हिशेबाची ही गोष्ट नवी नाही. देवस्थानाच्या समितीवर बसणारे गृहस्थ कुणी व्यापारी, कुणी वकील, कुणी निवृत्त. ते आपला वेळ देवास देतात आणि देवाच्या पैशाचा हिशेब महाजनांस देतात. पैशाची कवडी इकडची तिकडे झाली तर गाव गप्प बसत नाही. संघाच्या पदाधिकाऱ्याच्या हाती पैसा थोडा, वेळ अधिक. आणि तो वेळ त्याचा नव्हे. त्यातील अर्धा दिवस त्याने आपल्या बागेस दिला तर तिजोरीत काही कमी दिसत नाही. कमी पडते ते पायरीवर वाट पाहत बसलेल्या माणसाच्या आयुष्यात, आणि ते कोणत्याही लेखापरीक्षणात सापडत नाही.

तो तरुण पुन्हा आला तेव्हा आम्ही त्यास सांगितले, "रजा अवश्य घे. संकोच धरू नकोस. तू घेतली नाहीस तर जे बोलू शकत नाहीत त्यांचे कुणी बोलणार नाही. मात्र सकाळी घरून निघताना ज्याच्यासाठी रजा घेतली त्याचे नाव लिहून निघत जा, आणि संध्याकाळी त्याच्यापुढे किती तास पडले ते लिही. बाजूच्या बाबूने फुकटचा पगार म्हटले की त्याच्या हाती वही दे. त्या वहीत त्याचेही नाव असू दे. तुझे टपाल त्यानेच उचललेले असते."

त्याने वही चाळली. पहिले पान वाचून तो थांबला आणि आमच्याकडे पाहू लागला. बहाराच्या सौद्याची ती ओळ आम्ही कधी खोडलेली नाही. त्याने विचारले, "हे पान फाडून बाकीची वही नेऊ का, काकाजी?" आम्ही म्हटले, नेणार असशील तर पहिल्या पानासकट ने.

तो ती वही घेऊन गेला. तिच्या मागची पन्नास-साठ पाने कोरीच होती.